काइटसर्फिंगमधील पहिली उडी : भौतिकी, भय आणि कौशल्यसंपादन

सारांश

वाऱ्याच्या बळावर पाण्यावरून सरकणारा खेळाडू प्रथमच पाणी सोडून हवेत उठतो, तो क्षण काइटसर्फिंगच्या अध्ययनातील सर्वांत आकर्षक आणि तितकाच धोक्याचा होय. प्रस्तुत लेखात या उडीमागील भौतिकी, तिचे टप्पे, भयापोटी होणाऱ्या चुका आणि या संदर्भात कौशल्यसंपादनविषयक संशोधनाची उपयुक्तता यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : काइटसर्फिंग, उत्थापन बल, सापेक्ष वारा, कौशल्यसंपादन, अवधानकेंद्र

प्रास्ताविक

क्रीडाकौशल्याचे अध्यापन हा विषय आपल्या महाविद्यालयांत बहुधा शारीरिक शिक्षण विभागापुरताच मर्यादित मानला जातो. वस्तुतः एखादे कठीण कौशल्य माणूस कसा आत्मसात करतो, हा प्रश्न भौतिकी, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या तिन्ही ज्ञानशाखांच्या सीमेवर उभा आहे. त्याचे एक बोलके उदाहरण म्हणून काइटसर्फिंग या तुलनेने नव्या जलक्रीडेतील उडीचा विचार येथे केला आहे.

या क्रीडेत खेळाडूच्या कमरेला पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या हुकात नियंत्रण-दांडीचा फास अडकवलेला असतो आणि दांडीपासून साधारणतः २० ते २५ मीटर लांबीचे चार किंवा पाच दोर आकाशातील मोठ्या पतंगापर्यंत गेलेले असतात. पायांखाली फळी असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या क्रीडेला प्रथमच स्थान मिळाले व तिच्या शर्यती मार्से येथील समुद्रात झाल्या. परंतु त्या केवळ वेगाच्या शर्यती होत्या. उडीला तेथे गुण नव्हते. सामान्य प्रेक्षकाच्या मनात मात्र काइटसर्फिंग म्हणजे उडी, असेच समीकरण असते. शिकणाऱ्याच्या मनातही ते असते, हीच खरी अडचण आहे.

अडचण अशी की, प्राथमिक प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी शिकाऊ खेळाडू वाऱ्याच्या उलट दिशेने तिरपे सरकत निघाल्या जागी परत येऊ लागला की संपते. त्यानंतरचे शिक्षण ज्याचे त्याने करायचे. मग तो चित्रफितींत पाहिलेल्या उडीचे अनुकरण करू लागतो. चित्रफितीत उंची दिसते. दांडी अर्धी वीत पुढे गेली की मागे आली, फळीची कड पाण्यात किती रुतली होती, हे दिसत नाही. ज्या गोष्टींवर उडी अवलंबून असते नेमक्या त्याच गोष्टी अनुकरणातून निसटतात.

पतंगाची घडण

फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ साली हवा भरून फुगवता येणाऱ्या पतंगाचे एकस्व मिळविण्यासाठी अर्ज केला. फुगवलेल्या नळीमुळे पाण्यात पडलेला पतंग बुडत नाही आणि तो पुन्हा उडवता येतो. त्यांचा पतंग बाजारात रुजण्यास १९९७ उजाडले. आरंभीच्या पतंगांचा मोठा दोष हा होता की, त्यांचे बल कमी करण्याची सोय अपुरी होती; झुळूक वाढली की खेळाडूच्या हाती फारसे काही उरत नसे. २००२ साली जर्मनीतील फेमार्न बेटावरील स्पर्धेत सिल्के गोर्ल्ड्ट या खेळाडूचा, दोर गुंतून झालेल्या अपघातात, मृत्यू झाला. त्या काळातील अशा घटनांनी तत्काळ सुटका करणाऱ्या यंत्रणेचे महत्त्व सर्वांच्या लक्षात आणून दिले. पुढे २००५ च्या सुमारास ब्रुनो लेगेन्यू यांच्याच कल्पनेतून धनुष्याकृती पतंग आला. या पतंगाचे बल दांडी दूर सोडताच जवळजवळ नाहीसे होते. आज शिकाऊ खेळाडूने उडीचा विचार करणे शक्य झाले आहे, ते या एका सुधारणेमुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

वाऱ्याची खिडकी

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि समोर एका प्रचंड घड्याळाची वरची अर्धी तबकडी उभी आहे अशी कल्पना करावी. थेट डोक्यावर १२, उजवीकडे क्षितिजालगत ३ आणि डावीकडे ९. पतंग या कमानीच्या कडेवर असतो तेव्हा शांत असतो. कमानीच्या मध्यातून, म्हणजे खेळाडूच्या थेट समोरून खालून जातो तेव्हा त्याचे बल सर्वाधिक असते. उजवीकडे सरकत जाणारा खेळाडू पतंग साधारणतः १ ते २ यांच्या दरम्यान ठेवतो. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडविलेल्या कोणासही यातील अर्धे ज्ञान हातालाच असते. ढील दिली की पतंग सैलावतो, खेच दिली की उसळतो. फरक इतकाच की येथे पतंग उसळला म्हणजे उडविणाराही त्याच्यासोबत जातो.

उडीमागील भौतिकी

पतंगाचे उत्थापन बल हवेची घनता, पतंगाचे क्षेत्रफळ, उत्थापन गुणांक आणि पतंगाला जाणवणाऱ्या वाऱ्याच्या वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असते. एक ठोकळ हिशेब करून पाहू. वारा १५ नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ७.७ मीटर, पतंग १२ चौरस मीटर, हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम, गुणांक सोयीसाठी १ धरू. डोक्यावर स्थिर असलेल्या पतंगाचे बल सुमारे ४२७ न्यूटन येते. ७० किलोग्रॅमच्या माणसाचे वजन मात्र ६८६ न्यूटन आहे. म्हणजेच असा पतंग माणसाला हलका करील, उचलणार नाही.

आता पतंग स्थिर न ठेवता तो वेगाने १ वरून १२ कडे फिरविला, तर त्याच्या स्वतःच्या गतीमुळे त्याला जाणवणारा सापेक्ष वारा वाढतो. तो केवळ दीडपट झाला असे धरले, तरी वर्गाच्या नियमाने बल सव्वादोनपट, म्हणजे सुमारे ९६० न्यूटन होते आणि वजनावर मात करते. प्रत्यक्षात हे सर्व बल सरळ वरच्या दिशेने नसते आणि पतंगाचा गुणांकही सतत बदलत असतो. तरीही मुद्दा स्पष्ट आहे. उडी वाऱ्याने मिळत नाही, पतंगाच्या गतीने मिळते. म्हणूनच वारा वाढण्याची वाट पाहत बसणारा शिकाऊ खेळाडू दुहेरी चूक करतो. वाऱ्याचा वेग १५ वरून २० नॉट झाला तर बल सुमारे पावणेदोनपट होते. उडी येत नसताना ती मिळविण्यासाठी जोरदार वाऱ्यात उतरणे म्हणजे चुकीची किंमत तितक्याच पटीने वाढवून घेणे होय.

दुसरा घटक फळीच्या कडेचा. खेळाडू टाचांवर भार देऊन फळीची वाऱ्याकडील कड पाण्यात रुतवतो, तेव्हा पतंग त्याला वाऱ्याच्या दिशेने ओढत असतो आणि पाणी त्याला अडवत असते. या रस्सीखेचीत दोरांवरील ताण वाढत जातो. पतंग वर चढत असताना ही कड टिकवून धरली, तर साठलेला ताण पतंग डोक्यावर येताच वरच्या दिशेने मोकळा होतो. कड आधीच सुटली तर खेळाडू वर न जाता वाऱ्याबरोबर फरफटत जातो. उंची कमी, अंतर जास्त, ही नवशिक्याच्या उडीची ओळखीची लक्षणे याच एका कारणाने निर्माण होतात.

उडीचा क्रम

मध्यम, ताब्यातील वेगाने सरकत असता पतंग १ च्या आसपास आणावा. अतिवेगात कड धरून ठेवणे नवशिक्यास अशक्य होते, म्हणून वेगाचा मोह टाळावा. मग फळी किंचित वाऱ्याकडे वळवून कड घट्ट करावी आणि त्याच वेळी पतंग निश्चयाने मागे, १२ कडे पाठवावा. या क्षणी दांडी थोडी दूर असते, जेणेकरून पतंगाला वेगाने फिरण्यास मोकळीक मिळते. येथे बहुतेकांचा संयम सुटतो. पतंग निघाला आहे, ओढ वाढते आहे, आणि शरीराला वाटते की आता उडावे. परंतु पतंग डोक्यावर येईपर्यंत, साधारण सेकंदभर, थांबावयाचे असते. तो १२ जवळ पोचताच गुडघे सरळ करून पायांनी फळीवर रेटा द्यावा आणि दांडी जवळ घ्यावी. दांडी जवळ घेतल्याने पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन वाढतो व उचल मिळते.

हवेत गेल्यावर गुडघे पोटाशी घ्यावेत. आकसलेले शरीर दोरांखाली लंबकासारखे स्थिर राहते. पसरलेले शरीर गिरक्या घेऊ लागते. नजर पतंगावर किंवा पायांखालच्या पाण्यावर न ठेवता, जेथे उतरावयाचे त्या दिशेला ठेवावी. उडीच्या माथ्यावर पतंग पुन्हा पुढे, म्हणजे १ च्या दिशेने वळवावा. हा टप्पा शिकाऊ खेळाडू सर्वाधिक विसरतात. पतंग मागेच राहिला तर खेळाडू लंबकासारखा त्याच्याखालून पुढे झुलतो आणि पाठीवर आपटतो. पुढे आलेला पतंग नवा वेग घेतो, पडण्याचा वेग कमी करतो आणि पाणी गाठताच खेळाडूला पुढे ओढून नेतो. उतरताना फळीचे टोक काहीसे वाऱ्याच्या दिशेने असावे व गुडघे सैल असावेत.

पतंगाच्या या आधाराचे मोल आकड्यांत पाहण्यासारखे आहे. कोणताही आधार नसता २ मीटरवरून पडणारी वस्तू सेकंदाला ६.३ मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळते. ५ मीटरवरून हाच वेग ताशी ३५ किलोमीटरहून अधिक होतो. अनुभवी खेळाडूंनी ३० मीटरहून उंच उड्या घेतल्याची नोंद आहे. ते सुखरूप उतरतात, कारण खाली येताना पतंग त्यांच्यासाठी हवाई छत्रीचे काम करीत असतो. नवशिक्या मात्र नेमका याच वेळी घाबरून पतंग निकामी करतो.

भयाची प्रतिक्रिया

प्रस्तुत लेखकाच्या मते या कौशल्याचा गाभा येथे आहे. पाय सुटले की माणूस हातातील वस्तू घट्ट पकडतो. जिन्यावर तोल गेला की कठडा धरणे हे आयुष्यभर वाचवीत आलेले शहाणपण आहे. काइटसर्फिंगमध्ये हीच प्रतिक्रिया घात करते, कारण हातातील दांडी हा कठडा नाही. ते बल वाढविण्याचे साधन आहे. पाण्यावर अचानक झुळूक आली असता दांडी छातीशी कवटाळणारा खेळाडू आपणहून अधिक बल मागवतो आणि नको असताना उचलला जातो. दांडी अतिशय जवळ ओढून धरली तर याउलट पतंगावरील हवेचा प्रवाह विस्कटतो, तो उडणे थांबवून मागे सरकतो आणि वर गेलेला माणूस आधाराविना राहतो. हवेत भिऊन दांडी एकदम सोडून दिली तर उचलच नाहीशी होते. शिवाय भीतीने एका हाताची पकड दुसऱ्याहून घट्ट झाली की पतंग त्या बाजूला वळतो, आणि आपण वळविले हे खेळाडूला कळतही नाही.

म्हणजे एकाच भयातून तीन चुका निघतात आणि तिन्हींचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. पाण्यावर असताना संकटात दांडी सोडावी. हवेत असताना ती धरून ठेवावी, पण कवटाळू नये. हे नियम वाचण्यास सोपे आहेत. प्रस्तुत लेखकाला ते तोंडपाठ होते. तरीही पहिल्या प्रयत्नात पतंग १२ च्या पुष्कळ मागे गेला, कड केव्हाच सुटली होती, आणि तोंडघशी सुमारे वीस मीटर ओढले गेल्यावर लक्षात आले की दांडी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली आहे. भौतिकीचे अध्यापन करणाऱ्यास ही बाब विशेष बोचरी ठरते, हे येथे नमूद करणे प्रांजळपणाचे होईल.

अध्यापनाचा प्रश्न

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ साली कौशल्यसंपादनाच्या तीन अवस्था मांडल्या : नियम समजून घेण्याची बोधात्मक, चुका कमी होत जाण्याची साहचर्यात्मक आणि कृती आपोआप घडू लागण्याची स्वयंचलित अवस्था. उडीचा शिकाऊ खेळाडू चमत्कारिक स्थितीत असतो. सरकण्याचे कौशल्य तिसऱ्या अवस्थेच्या उंबरठ्यावर असते, तर उडीचे पहिल्याच पायरीवर. सरकणे अद्याप लक्षपूर्वक करावे लागत असेल तर उडीकडे द्यावयास लक्ष शिल्लक उरत नाही. त्यामुळे दोन्ही दिशांनी सरकता येणे, कड टिकविणे आणि पतंगाकडे न पाहता तो कोठे आहे हे जाणणे, एवढे साधल्याशिवाय उडीचा प्रयत्न करू देऊ नये, ही अनेक प्रशिक्षकांची अट शिस्तीचा अतिरेक नसून तिला आधार आहे.

दुसरा प्रश्न सूचनांचा. गॅब्रिएल वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बर्फावरील घसरणीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर शिकणाऱ्यांपैकी काहींना स्वतःच्या पायांच्या जोराकडे, तर काहींना पायांखालील फिरत्या चाकांकडे लक्ष देण्यास सांगितले. लक्ष चाकांकडे देणारा गट अधिक चांगला शिकला. अवधानकेंद्र शरीराबाहेर, कृतीच्या परिणामावर असावे, या विचारास पुढील अनेक अभ्यासांनी बळ दिले. उडीच्या संदर्भात याचा अर्थ असा की ‘टाचा दाबा, हात ओढा’ अशा सूचनांपेक्षा ‘फळीच्या कडेने पाणी कापा, पतंग डोक्यावर दिसेपर्यंत कापत राहा’ अशी सूचना श्रेयस्कर ठरावी. ‘ठरावी’ असे म्हणण्याचे कारण हे की यंत्रावरील प्रयोगात कोणी बुडत नव्हते. भयाच्या छायेतील अवधान प्रयोगशाळेतील अवधानासारखेच वागते, असे गृहीत धरणे घाईचे होईल.

तिसरा प्रश्न तुकड्यांचा. उडीचे भाग वेगवेगळे शिकवून ते नंतर जोडावेत काय? नेलर आणि ब्रिग्ज यांनी १९६३ साली दाखविले की, ज्या कृतीचे घटक परस्परांत घट्ट गुंतलेले असतात ती अखंड शिकणेच बरे. उडीत कड, पतंग आणि दांडी या तिन्हींचा मेळ सेकंदाच्या अंशात बसावा लागतो. यातील प्रत्येक घटक सुटा गिरवून फारसे साधत नाही. त्याऐवजी उडी अखंड ठेवून तिचा आकार लहान करावा. पतंग १ वरून न पाठवता साडेबारावरून बारापर्यंतच न्यावा. एवढ्याने फळी पाण्यापासून वीतभर उचलली जाते आणि पडले तरी इजा होण्याची शक्यता अल्प असते. तथापि क्रम, थांबणे, रेटा, पतंग पुढे आणणे, सर्व काही या वीतभर उडीत असते. अशा पन्नास उड्यांनंतर पतंग आणखी थोडा दूरून पाठवावा. चित्रफितीत दाखविण्याजोगे यात काही नसते, म्हणूनच बहुधा कोणी ते करीत नाही.

स्थळाची निवड

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील दोन ठिकाणे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहावीत. केपटाउननजीकच्या ब्लाउबर्गस्ट्रांड येथे उन्हाळ्यात ‘केप डॉक्टर’ नावाने ओळखला जाणारा आग्नेयेचा जोरदार वारा वाहतो. लाटांच्या उतारावरून झेप घेऊन तेथे जगातील अत्युच्च उड्या मारल्या जातात, आणि उंच उड्यांची ‘किंग ऑफ द एअर’ ही स्पर्धा २०१३ पासून केपटाउनच्या याच किनाऱ्यावर होत आली आहे. तेथून उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर लांगेबानचे खाजण आहे. वारा तोच, परंतु पाणी उथळ व सपाट. नवशिक्याने जावयाचे ते येथे. मन मात्र ब्लाउबर्गला ओढते.

आपल्याकडे गोव्यात शापोरा नदीच्या मुखाशी असलेल्या मोरजी येथे हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. जमीन तापून तिच्यावरील हवा वर गेल्याने तो निर्माण होतो. पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर हा वारा तिरपा, जमिनीकडे येणारा असल्याने पडलेला शिकाऊ खेळाडू समुद्रात दूर न जाता किनाऱ्याकडे ढकलला जातो. मात्र उडीच्या सरावासाठी हीच गोष्ट उलटते, कारण उडीत माणूस वाऱ्याच्या दिशेनेच वाहत जातो. म्हणून सराव किनाऱ्यालगत न करता, वाऱ्याच्या दिशेने दोरांच्या लांबीच्या निदान दुप्पट, म्हणजे ५० मीटर तरी मोकळे आणि पुरेसे खोल पाणी ठेवून करावा. शिरस्त्राण व छातीला आधार देणारे जाकीट घालावे, सुटकेची कळ न पाहता हाताला सापडते ना, हे किनाऱ्यावरच डोळे मिटून तपासावे. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या किंवा झटक्याझटक्याने येणाऱ्या वाऱ्यात पतंग उचलूच नये.

दुसरी बाजू

उजवीकडे जाताना उडी जमू लागली की शिकाऊ खेळाडू डावीकडे वळतो आणि चकित होतो. तेथे पतंग ११ वरून १२ कडे पाठवावयाचा, दुसरा पाय पुढे, दुसरा हात खेचणारा. सर्व हालचाली आरशातल्यासारख्या उलट्या. समजलेले नियम तेच असतात, परंतु शरीराने कमावलेली वेळेची जाण अगदी थोडीच या बाजूला येते. पुष्कळ जण मग सोयीच्या बाजूनेच उड्या मारत राहतात आणि वर्षानुवर्षे एका बाजूचेच उरतात. प्रस्तुत लेखकाची डावीकडील उडी अद्याप वीतभरच आहे. पतंग साडेअकरावरून निघतो, बारावर पोचतो, आणि फळी पाण्यापासून सुटल्याचा तो छप्प असा आवाज येतो.